सशाचे नवे पिल्लू : ओळख आणि संगोपन

ऊसतोड सुरू झाली किंवा माळावरील गवताची कापणी चालू झाली, म्हणजे गावोगाव एक गोष्ट हटकून घडते. कोयत्याच्या वा विळ्याच्या पुढे, गवताच्या बुडाशी, तपकिरी रंगाचे एखादे इवलेसे पिल्लू अंग आकसून बसलेले आढळते. माणूस जवळ गेला तरी ते पळत नाही. कापणारा ते दयेने उचलतो, संध्याकाळी घरी नेऊन मुलांच्या हाती देतो. मुले त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतात, वाटीतून गाईचे दूध पाजतात आणि बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते खोके रिकामे होते. दुसऱ्या बाजूस, आठवडी बाजारात मिळणारे पांढऱ्या सशाचे पिल्लू मोठ्या हौसेने विकत आणले जाते व त्याचीही पुष्कळदा तीच गत होते. ही दोन्ही 'सशाची पिल्ले' म्हणून ओळखली जातात व दोहोंचे संगोपनही एकाच पद्धतीने केले जाते. मूळ चूक येथेच आहे.

गेल्या हिवाळ्यात एका गावी पीक पाहणीसाठी गेलो असता सहावी-सातवीतील एक मुलगा दप्तरात असेच एक पिल्लू घेऊन आला व त्याने विचारले, "साहेब, हे जगेल का?" या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पिल्लू कोणत्या जातीचे आहे ही पहिली. आणि ते किती दिवसांचे आहे ही दुसरी. या दोन गोष्टी ओळखता आल्या, म्हणजे पुढे काय करावे हे बव्हंशी आपोआप ठरते. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न वारंवार विचारला जात असल्याने त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार केला आहे.

रानातील ससा आणि पाळीव ससा

आपल्या माळरानावर व शेतात दिसणारा ससा आणि पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा हे दोन भिन्न प्राणी आहेत. इंग्रजीत त्यांना वेगवेगळी नावे आहेत. आपण मात्र दोघांनाही एकाच शब्दाने संबोधतो. रानसशाचे शास्त्रीय नाव 'लेपस निग्रिकोलिस' असे असून त्याचा अर्थच 'काळ्या मानेचा' असा आहे. पूर्ण वाढलेल्या रानसशाच्या मानेच्या मागील बाजूस काळसर डाग असतो, त्यावरून तो ओळखू येतो. पाळीव ससा हा मूळचा स्पेन व पोर्तुगाल या भागातील 'ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस' या प्राण्याचा वंशज होय. पांढरा, करडा, काळा, ठिपक्यांचा असे त्याचे जे अनेक प्रकार दिसतात, ते सर्व माणसाने निवड करून तयार केलेले आहेत. या दोन प्राण्यांचा संकर होऊ शकत नाही. पाळीव सशाच्या पेशींत ४४ गुणसूत्रे असतात, तर रानसशाच्या पेशींत ४८. तेव्हा पांढऱ्या मादीला रानातील नर दाखवून काटक पैदास मिळवण्याची जी कल्पना काही होतकरू तरुण बोलून दाखवतात, ती सोडून द्यावी.

दोघांच्या राहणीतही महत्त्वाचा फरक आहे. पाळीव सशाचे पूर्वज जमिनीत बिळे खणून समूहाने राहणारे. मादी बिळात गवत व स्वतःच्या पोटावरील लोकर उपटून मऊ घरटे करते. पिल्ले सुरक्षित जागी जन्मतात, म्हणून निसर्गाने ती अगदी अपक्व अवस्थेत जन्माला घातली आहेत. रानससा बीळ करीत नाही. गवतात अंगाच्या दाबाने झालेला उथळ खळगा हेच त्याचे घर. उघड्या माळावर जन्मणाऱ्या पिल्लाला पहिल्या दिवसापासूनच स्वतःचे रक्षण करावे लागते, म्हणून ते पूर्ण तयारीनिशी जन्मते. गर्भकाळही त्यानुसार आहे : पाळीव मादी सुमारे ३१ दिवसांत विते, रानससा त्याहून अधिक दिवस घेतो.

यावरून ओळखीची खूण सहज ध्यानात येईल. जे पिल्लू तळहातात मावेल इतके लहान असूनही ज्याच्या अंगावर दाट केस आहेत व ज्याचे डोळे टक्क उघडे आहेत, ते रानसशाचे. पाळीव सशाचे पिल्लू जन्मतः उघडे, गुलाबी, आंधळे व बहिरे असते. उंदराच्या पिल्लाशी त्याचे पुष्कळ साम्य असते. त्याचे डोळे उघडेपर्यंत दहा-बारा दिवस जातात. रंगानेही फरक कळतो. रानसशाच्या पिल्लाचा रंग वाळलेल्या गवतासारखा, तपकिरीत काळ्या केसांचे मिश्रण असलेला असतो. पाळीव सशांतही असा करडा-तपकिरी रंग आढळत असल्याने केवळ रंगावर विसंबू नये. परंतु एक गोष्ट निश्चित समजावी. आपल्या देशात पाळीव सशाची रानटी वसाहत नाही. म्हणून गवतात, उसात अथवा माळावर सापडलेले पिल्लू हे रानसशाचेच असे धरून चालावे. कोणाच्या पिंजऱ्यातून सुटलेले जनावर क्वचित आढळते. पण ते बहुधा मोठे असते व माणसाला बुजत नाही.

रानातील पिल्लू सापडल्यास

ते पिल्लू आईने टाकलेले नसते. रानसशाची मादी पिल्लांजवळ बसून राहत नाही. ती जवळ राहिली तर तिच्या वासाने कोल्हा, मुंगूस, कुत्रा यांना पिल्लांचा माग लागेल. यास्तव ती दिवसभर दूर राहते आणि अंधार पडताना येऊन काही मिनिटे पाजून निघून जाते. पिल्लेही एकमेकांपासून अंतरावर, निश्चल बसून असतात. माणूस जवळ गेला असता ते पळत नाही याचा अर्थ ते आजारी आहे असा नव्हे. न हलणे हेच त्याचे संरक्षण होय. दयेपोटी आपण जे पिल्लू 'वाचवतो', ते पुष्कळदा धडधाकट असते व संध्याकाळी येणाऱ्या आईची वाट पाहत असते.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करीत नाही, ही समजूतही निराधार आहे. उचललेले पिल्लू त्याच दिवशी परत नेऊन ठेवल्यास आई त्याला स्वीकारते. जेथे सापडले त्या जागेवरील पीक कापले गेले असल्यास जवळच्या बांधावर, गवताच्या आडोशाला, ऊन थेट लागणार नाही अशा ठिकाणी ते ठेवावे आणि माणसांनी तेथून निघून जावे. वारंवार पाहावयास जाऊ नये. त्या रात्री शेतातील कुत्री बांधून ठेवणे मात्र अगत्याचे आहे. ऊसतोड चालू असताना टोळीच्या मुकादमाला आधी सांगून ठेवल्यास मजूर अशी पिल्ले घरी न नेता बांधावर ठेवतात, असा अनुभव आहे. शेताची कापणी एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूस वाट मोकळी ठेवली, तर मोठी जनावरे आपली आपण निघून जातात. उसाचा पाला पेटवण्याची घाई करू नये हे जमिनीच्या हिताकरिता आपण नेहमी सांगतोच. त्यास हेही एक कारण जोडावे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने रानसशाला संरक्षण दिले आहे, आणि त्या अधिनियमात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राणी पकडणे हेही अंतर्भूत आहे. म्हणजे प्रेमाने पाळण्यासाठी म्हणून रानससा घरी ठेवला तरी तो गुन्हाच ठरतो. हरभऱ्याचे शेंडे खाणारा हा प्राणी आहे, त्यास कसले संरक्षण, असे एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले होते. त्यांची तक्रार खोटी नव्हती. तरी कायदा आहे तो असा आहे. पिल्लू जखमी असेल, अंगावर मुंग्या चढलेल्या असतील, किंवा आई मेल्याचे डोळ्यांनी पाहिले असेल, तर जवळच्या वनरक्षकास अथवा वनविभागास त्वरित कळवावे. ते येईपर्यंत पिल्लास हवा खेळती राहील अशा खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे. दूध पाजू नये. हाताळू नये.

दप्तरातील ते पिल्लू रानसशाचेच होते. मुलाने ते सकाळी वडिलांच्या शेतातून आणले होते. त्याला मी वरील सर्व समजावून सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मला माझे स्वतःचे लहानपण आठवले. मीही असेच एक पिल्लू आणले होते, गाईचे दूध कापसाच्या बोळ्याने पाजले होते आणि तिसऱ्या दिवशी त्याला परसात पुरले होते. घरात कोणी रागावले नाही. कोणाला काही ठाऊकही नव्हते. हे त्याला सांगितल्यावर तो उठला व स्वतःच पिल्लू घेऊन बांधाकडे चालू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या जागी नव्हते, आणि रक्ताचा वा केसांचा मागमूसही नव्हता. याहून अधिक काही सांगता येणार नाही. त्या मुलाने पुढे पाळीव सशाचे पिल्लू घेतले. पुढील माहितीचा बराचसा भाग त्याच्या प्रश्नांतून जमलेला आहे.

पाळीव पिल्लाचे वय कसे ओळखावे

बाजारात पिल्लू घेताना विकणारा जे वय सांगतो त्यावर विश्वास ठेवू नये. 'हा बुटक्या जातीचा आहे, जन्मभर एवढाच राहतो,' असे सांगून चार आठवड्यांचे पिल्लूही विकले जाते. न्यूझीलंड व्हाइट जातीचे असे पिल्लू वर्षभरात चार किलोच्या पुढे जाते. तेव्हा वय स्वतः पाहून ठरवणे बरे.

जन्मतः पिल्लाचे वजन साधारणपणे ४० ते ६० ग्रॅम असते. चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर लव दिसू लागते व आठवड्याच्या सुमारास अंग केसांनी झाकले जाते. दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. पंधराव्या ते अठराव्या दिवशी पिल्लू घरट्याबाहेर येऊ लागते, आणि तिसऱ्या आठवड्यात आईच्या चाऱ्याला तोंड लावते. या वेळी त्याचे कान उभे राहिलेले असतात, पण शरीराच्या मानाने डोके मोठे व तोंड गोल दिसते. हे गोजिरे रूपच ग्राहकाला भुलवते, आणि नेमके याच वयात ते आईपासून तोडू नये. आईचे दूध निदान सहा आठवडे मिळावे. आठ आठवडे मिळाल्यास उत्तम. सहा आठवड्यांच्या पिल्लाचे तोंड किंचित लांबट झालेले असते, चाल स्थिर असते व ते वाळलेले गवत न थांबता चावून खाते. पिल्लू घेण्यापूर्वी त्याच्यासमोर मूठभर गवत टाकून ते खाते की नुसते हुंगते हे पाहावे. ही परीक्षा सर्वांत सोपी व सर्वांत खरी.

सहा आठवड्यांचा एवढा आग्रह कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. सशाचे पचन गाई-म्हशींसारखे नसते. त्याच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक मोठी पिशवी असते. तिला अंधनाल म्हणतात. चाऱ्यातील तंतुमय भागावर तेथे सूक्ष्म जीवांची क्रिया होते. या क्रियेतून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या तयार होतात व ससा त्या बहुधा पहाटे थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. हे पाहून पुष्कळांना किळस येते व जनावर आजारी आहे असे वाटते. वस्तुतः यातूनच त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. पिल्लाच्या पोटात ही सूक्ष्म जीवांची व्यवस्था तिसऱ्या आठवड्यापासून हळूहळू बसते. आईच्या दुधात असणारे घटक त्या काळात अपायकारक जंतूंना आवर घालतात. ही व्यवस्था बसण्यापूर्वी दूध तुटले आणि त्याच दिवशी बाजारातून आणून पुढ्यात कोबीची पाने टाकली, म्हणजे हगवण लागते. अशा हगवणीत पिल्लू एका रात्रीत जाते.

पिल्लू निरोगी आहे की नाही हे पाहताना डोळे स्वच्छ व नाक कोरडे असावे. पुढच्या पायांच्या आतील बाजूचे केस चिकटलेले असतील तर समजावे की, पिल्लाला सर्दी आहे व ते पायाने नाक पुसत आहे. शेपटीखालचा भाग कोरडा असावा. कानात तपकिरी खपली असल्यास ती खरूज होय. वरचे पुढील दात खालच्या दातांच्या किंचित पुढे येऊन नीट जुळले पाहिजेत. सशाचे दात जन्मभर वाढतात. ते नीट जुळत नसतील तर झिजत नाहीत, आणि पुढे जनावराला खाणे अशक्य होते. नर-मादी ओळखण्यासाठी पिल्लू उताणे धरून जननेंद्रियाच्या बाजूंस हलकेच दाबावे : नराचे छिद्र गोल व नळीसारखे पुढे येते, मादीचे उभ्या फटीसारखे दिसते. इतक्या लहान वयात भल्याभल्यांची फसगत होते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे.

घरी आणल्यावर

पहिले तीन दिवस पिल्लाला शक्य तितके एकटे सोडावे. ही सूचना घरातील मुलांना सर्वांत अवघड जाते, परंतु तीच सर्वांत उपयोगी आहे. नवी जागा, नवा वास व माणसांची गर्दी यांच्या धास्तीनेच पुष्कळ पिल्ले खाणे सोडतात. विकणाऱ्याकडे ते जे खात होते, त्यातील दोन-तीन दिवसांचे खाद्य मागून आणावे व खाद्यात बदल करायचा झाल्यास आठवडाभरात थोडा थोडा करावा.

मुख्य अन्न वाळलेले गवत. मारवेल, पवना, हरळी यांपैकी जे मिळेल ते, बुरशी नसलेले व फुलोऱ्यापूर्वी कापून सावलीत वाळवलेले असावे. ते दिवसरात्र समोर असावे. त्याला माप नाही. कडब्याची जाड ताटे पिल्लाच्या उपयोगाची नाहीत. सोबत गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा व थोडी शेंगदाणा पेंड यांचे मिश्रण पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर द्यावे. तयार गोळी खाद्य मिळत असल्यास ते सशांसाठीच बनवलेले आहे याची खात्री करावी. कोंबडी खाद्य कदापि देऊ नये. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर त्यात मिसळली जाणारी काही औषधे सशाला विषारी ठरतात. गावात कोंबडी खाद्याचे पोते सहज हाताशी असते, म्हणून हे विशेष करून सांगितले.

हिरवा चारा हळूहळू सुरू करावा. पिल्लू आईबरोबर असताना लसूणघास किंवा दशरथ घास खात असेल तर तोच थोडा द्यावा, नाहीतर तिसरा महिना लागेपर्यंत थांबावे. नवीन पाला एका वेळी एकच, दोन-तीन पाने, असा देऊन दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहाव्यात. त्या गोल, कोरड्या व सुट्या असल्या तर प्रमाण वाढवावे. दवाने किंवा पावसाने भिजलेला पाला देऊ नये. आदल्या दिवशी कापून पसरून ठेवलेला, किंचित सुकलेला पाला चांगला. ढिगात तापलेले गवत मुळीच देऊ नये. बटाटा व टोमॅटो यांचा पाला, कांदा, लसूण, घाणेरी, रुई, कण्हेर हे सर्व वर्ज्य. फवारणी केलेल्या शेताच्या बांधावरील गवतही वर्ज्यच समजावे. गाजराचे म्हणाल तर चित्रांतील ससा गाजरावर जगत असला, तरी गाजरात साखर बरीच असते. पिल्लाला त्याची गरज नाही.

पाणी स्वच्छ व सदैव हवे. हलके भांडे ससा उलटवतो, म्हणून जड मातीची वा दगडी कुंडी ठेवावी. हिरवा चारा खातो म्हणून सशाला पाणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे, आणि उन्हाळ्यात तो प्राणघातक ठरतो.

पिंजरा अडीच फूट लांब, दोन फूट रुंद व दीड फूट उंच असला तर एका पिल्लाला वाढीच्या काळात पुरतो. रोज काही वेळ बंदिस्त अंगणात मोकळे सोडल्यास फारच चांगले. तळाला जाळी असल्यास तिच्या अर्ध्या भागावर फळी किंवा जाड गोणपाट टाकावे. केवळ तारेवर बसून तळपायांना जखमा होतात. पिंजरा जमिनीपासून उंच असावा आणि त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मुंग्यांनी पिल्ले मारल्याची उदाहरणे आपल्याकडे साप-मांजरांपेक्षा कमी नसावीत.

उचलताना ससा कानांनी धरू नये. बाजारात सर्रास तसे धरतात, म्हणून मुलेही तेच शिकतात. एक हात छातीखाली व दुसरा मागील पायांखाली घालून त्याला आपल्या अंगाशी घ्यावे. सशाचे मागील पाय जोरकस व पाठीचा कणा नाजूक असतो. अधांतरी सोडल्यास तो जोराने लाथ झाडतो व स्वतःचाच कणा मोडून घेतो. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच पिल्लू मांडीवर घ्यावे.

मादी घरीच व्याली तर

ज्यांच्याकडे जोडी आहे त्यांच्याकडे आज ना उद्या पिल्ले होणार. येथेही तोच गैरसमज आड येतो. मादी दिवसभर पिल्लांकडे फिरकत नाही, म्हणून तिने ती टाकली असे समजून लोक धावत दवाखान्यात येतात. पाळीव मादीही चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, तीन ते पाच मिनिटे पाजते व बाजूला होते. पिल्लांना दूध मिळते की नाही हे त्यांच्या पोटावरून कळते. सकाळी घरट्यात हात घालून पाहावे. पोट गोल व तटतटीत असेल आणि पिल्ले उबेला शांत पडलेली असतील तर काळजी नाही. कातडी सुरकुतलेली असेल व पिल्ले सारखी वळवळत असतील तर ती उपाशी आहेत. मादी पिल्लांना मांजरीप्रमाणे तोंडात धरून नेत नाही; स्तनाला लोंबकळत बाहेर आलेले पिल्लू आपणच उचलून घरट्यात ठेवावे, नाहीतर ते गारठून मरते. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, मग दूध. थंड पिल्लाला दूध पचत नाही.

आई मेली तर पहिला उपाय म्हणजे त्याच सुमारास व्यालेली दुसरी मादी शोधणे. बहुतेक माद्या परके पिल्लू निमूटपणे पाजतात. ते शक्य नसेल तरच वरचे दूध. सशिणीच्या दुधात गाईच्या दुधाच्या तिपटीहून अधिक स्निग्धांश असतो आणि साखर फार कमी. म्हणून गाईच्या दुधावर पिल्लू उपाशी तर राहतेच, शिवाय त्याचे पोट बिघडते. त्यातल्या त्यात शेळीचे निर्भेळ दूध बरे. मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध भुकटी मिळाल्यास अधिक चांगली. साखर घालू नये. नवजात पिल्लाला दिवसाला सुमारे ५ मिलिलिटर, आठवड्याच्या पिल्लाला १२ ते १५, दोन आठवड्यांच्या पिल्लाला २५, असे दोन वेळांत विभागून द्यावे. सुई काढलेल्या पिचकारीने, पिल्लू पोटावर ठेवून, थेंब थेंब पाजावे. उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात जाते. पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने पोट व शेपटीखालचा भाग हलकेच पुसावा. डोळे उघडेपर्यंत पिल्लाला लघवी व शौच त्याविना नीट होत नाही. हे सर्व करूनही अशी पिल्ले पुष्कळदा दगावतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

नर आधीच वेगळा केला नसेल तर व्याल्याच्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून विण्याआधीच त्याला दुसऱ्या पिंजऱ्यात हलवावे. पिल्लांतील नर-मादीही तीन महिने पूर्ण झाल्यावर एकत्र ठेवू नयेत.

आजार आणि उन्हाळा

एक ते चार महिने वयाच्या पिल्लांचा मोठा शत्रू म्हणजे कॉक्सीडिया या सूक्ष्म परोपजीवीपासून होणारी हगवण. पोट फुगते, पाठीचा कणा हाताला लागतो, लेंड्या पातळ होतात, कधी त्यात रक्त दिसते. या परोपजीवीची अंडी लेंडीतून बाहेर पडतात, तेव्हा ती लगेच रोगकारक नसतात; ऊब व ओल मिळाल्यावर त्यांना दोन-तीन दिवस लागतात. म्हणून पिंजऱ्यातील लेंड्या व ओले गवत रोजच्या रोज काढले, तर निम्मी लढाई तेथेच जिंकली जाते. चारा जमिनीवर न टाकता टांगलेल्या जाळीत द्यावा. औषध मात्र पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. पेनिसिलीन वर्गातील प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या पोटातील उपयुक्त जंतू मरतात व जनावरही दगावते. कुत्र्यांच्या गोचिडांवर फवारले जाणारे फिप्रोनिल हे औषधही सशाला चालत नाही. कानातील खरुजेवर पशुवैद्यक टोचणी देतात, तीच घ्यावी. गरम तेल, डांबर गोळ्या असले घरगुती प्रयोग करू नयेत.

सशाने बारा तास काही खाल्ले नाही व लेंडीही टाकली नाही, तर उद्यापर्यंत थांबू नये. गाईने एक वेळचा चारा सोडला तर आपण वाट पाहतो. सशाचे आतडे एकदा थांबले म्हणजे ते पुन्हा चालू करणे कठीण असते. त्याला ओकताही येत नाही.

सशाला मानवणारे तापमान १५ ते २५ अंश सेल्सिअस. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्याचा विचार केला म्हणजे पाळणाऱ्याने कोणती जबाबदारी पत्करली आहे हे ध्यानात येईल. कान हे त्याचे घाम सुकवण्याचे साधन समजा. त्यातील रक्तवाहिन्यांतून तो शरीराची उष्णता बाहेर टाकतो. पिंजरा पत्र्याखाली ठेवू नये. झाडाची दाट सावली, गवताचे छप्पर, दुपारी भिजवलेली तरटे आणि पिंजऱ्यात ओल्या मातीचे एखादे थंड मडके आडवे ठेवणे, एवढ्याने पुष्कळ साधते. कान लाल व गरम झाले, तोंडातून लाळ गळू लागली, ससा आडवा पडून धापा टाकू लागला, म्हणजे उष्माघात समजावा. कान व पाय साध्या पाण्याच्या फडक्याने पुसत राहून त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

ज्यांना पुढे हौसेपलीकडे जाऊन ससेपालन करावयाचे आहे, त्यांच्यासाठी राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिच्या तामिळनाडूतील मन्नवनूर केंद्रात व्हाइट जायंट व सोव्हिएत चिंचिला या जातींवर काम झालेले आहे. मात्र ते केंद्र कोडैकनालच्या थंड डोंगरात आहे, हे आपल्या गावातील उन्हाळ्याशी ताडून पाहूनच बेत आखावा. हौसेने पाळलेला ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. कंटाळा आला म्हणून त्याला 'रानात मोकळे' सोडू नये. बिळाची सवय तुटलेला, पांढऱ्या रंगाचा तो प्राणी पहिल्याच रात्री कुत्र्याच्या तोंडी जातो. सांभाळणे न झाल्यास तो ओळखीच्या दुसऱ्या पाळणाऱ्याकडे, त्याच्या वयाची व खाण्याच्या सवयीची माहिती देऊन, सोपवावा.